'सू.' लिहिलेली बाटली

मंगळवार, ४ तारीख

अक्षरं शिकून चार महिने झाले आणि त्यांचा पहिला उपयोग केला तो पोटच्या पोरावर संशय घ्यायला. शिकून माणूस शहाणा होतो म्हणतात ते हेच असावं.

नीट सांगते. नीट सांगायचं कुणाला, तर वहीला. ही वही नातीनं पाठवली. ती शिकायला परगावी असते. फोनवर म्हणाली, "आजी, रोज काहीतरी लिही. कुणी वाचणार नाही." कुणी वाचणार नाही तर लिहायचं कशाला, हे तेव्हा मला कळेना. आज कळलं. जे कुणाला सांगायची सोय नाही ते लिहायचं. जोडाक्षर चुकलं तर चुकलं, वर्गाच्या बाई काही ही वही तपासणार नाहीत.

तर सकाळी चिरंजीवांच्या खोलीत केर काढायला गेले. मुलगा माझा घड्याळजी. पुढच्या खोलीत त्याचं टेबल, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, सोनाराकडे असतो तसा इवलासा तराजू आणि भिंतीवर वीस-बावीस घड्याळं. त्यातल्या कुठल्याही दोघांचं एकमेकांशी कधी पटलेलं नाही. मला वेळ विचारायची असली तर मी शेजारी जाते. पण आज टेबलावर घड्याळ नव्हतंच. वर्तमानपत्रावर वाळलेल्या करड्या काड्या पसरलेल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर सुरकुतलेली टोपी, अंगावर निळसर डाग, मार लागल्यावर उठतो तसा.

भूछत्रं! कुत्र्याची छत्री म्हणतात ती. माझ्या लहानपणी शेजारच्या घरातल्या चौघांनी रानातली आणून खाल्ली होती. दवाखान्यातून तिघं परत आले. तेव्हापासून मी त्या जातीच्या वाटेला जात नाही. बाजारातली पांढरी गुबगुबीत असतात, तीसुद्धा सून आणायची तेव्हा मी पानात बाजूला सारायची.

शेजारी आमचं कॉफी दळायचं यंत्र, आत करडी भुकटी. त्याच्याजवळ रिकाम्या कॅप्सुली, अर्ध्या तपकिरी, अर्ध्या पांढऱ्या. आणि एक बाटली. बाटलीला कागद चिकटवलेला आणि त्यावर चिरंजीवांच्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं: "सू. डोस".

आता आमच्या बाई वर्गात शिकवतात, शब्द अडला तर पहिलं अक्षर धरा, मग काय बसतं ते पाहा. मी धरलं. सू. सूर्य? सूर्याला कोण डोस देणार. सूत? सूप? सूप असतं तर पातेल्यात असतं. मग राहिलं काय?

सून.

मी खाली बसले. केरसुणी हातातच. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एक तारखेवर "सू.", चारवर "सू.", सातवर, दहावर, अशी शेवटपर्यंत ओळ. एक दिवस आणि मग दोन दिवस सोडून.

आज चार. नाश्त्याला मी डोळ्यांत तेल घालून बसले. सुनेच्या बशीत तिच्या डॉक्टरच्या गोळ्या असतात. चिरंजीवांनी त्यात हळूच एक तपकिरी-पांढरी सरकवली. तिनं न पाहता सगळं एका घोटात गिळलं. तासाभरानं तिच्या हातातला कप बशीवर किणकिणायला लागला. "छातीत धडधडतंय," म्हणाली. मग बराच वेळ खिडकीशी बसून म्हणते कशी, "या पडद्याच्या रेघा किती छान आहेत."

तीन वर्षं तोच पडदा आहे.

बुधवार, ५ तारीख

खरं लिहायचं तर माझं आणि सुनेचं काही फार गोडीगुलाबीचं नाही. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. माझ्या तोंडातली कवळीही तिच्याच हातची. त्याच कवळीनं मी तिला बोलते, आता काय करणार, दुसरी नाही माझ्याकडे. गेलं वर्षभर ती कामावर जात नाही. दुपार दुपार भिंतीकडे तोंड करून पडून असते. डॉक्टर म्हणतात मनाचा आजार आहे. मी एकदा विचारलं होतं, "मनाला ताप येतो का? काखेत काही लावून बघता येतं का?" त्यावर तिनं कूस बदलली. चिरंजीव बोलले, भरपूर.

पण नावडती असली म्हणून काय झालं, सून माझी आहे. तिला बोलायचं ते मी बोलीन, विष कुणी घालायचं नाही.

आणि का घालावं? एक बाई आहे, चिरंजीवांकडे तेच ते मनगटी घड्याळ चौथ्यांदा दुरुस्तीला घेऊन आली आहे. चौथ्यांदा! माणसाचं लग्न मोडतं तेवढ्या वेळात.

शुक्रवार, ७ तारीख

आज ऐकलं ते आधी लिहून ठेवते.

चिरंजीवांचा एक मित्र आहे. घरातही टोपी काढत नाही, म्हणून मी त्याला टोपीवाला म्हणते. (टोपी न काढणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय आहे हे कसं कळणार?) तो आला, दोघं पुढच्या खोलीत बसले. मी दाराशी कणीक मळत उभी. कणीक मळायला कुणी दाराशी उभं राहत नाही, पण पुरुषांच्या ते लक्षात येत नाही.

टोपीवाला म्हणाला, "डोसची तारीख चुकवू नकोस."

चिरंजीव म्हणाले, "पण काही होणार नाही ना तिला?"

"अरे इतकं कमी आहे की तिला जाणवणार पण नाही. तीच तर गंमत आहे. निसर्गाचीच वस्तू, त्यात कसलं वाईट?"

तिला जाणवणार पण नाही! हेच, हेच ते. आणि निसर्गाची वस्तू म्हणे. विंचूही निसर्गाचाच आहे.

या घरात डोस पाजायचं काम आजवर मी केलं. तोंडीच पाजला. त्यानं कुणाच्या छातीत धडधडलं नाही.

रविवार, ९ तारीख

झालं! केलं! मला इतका आनंद झालाय की अक्षरं ओळीवर राहत नाहीत.

चिरंजीव सकाळी बाहेर गेले, सून पडलेली. मी बाटली काढली. आत चौदा कॅप्सुली. एकेक उघडली, टोपण ओढलं की सुटतं, फार सोपं काम. भुकटी सगळी कागदावर पाडली. वास कसा, तर पेटीत बरीच वर्षं पडलेल्या मोज्यासारखा. कणीक तव्यावर कोरडी भाजून रंग जुळवून ठेवली होती. पहिल्यांदा काळपट भाजली, ती टाकली. दुसरी अगदी तंतोतंत. चौदाच्या चौदा भरल्या, टोपणं बसवली, बाटली जशीच्या तशी जागेवर. भुकटी पुडीत बांधून माझ्या जुन्या चष्म्याच्या घरात ठेवली, पुरावा म्हणून. आमचे हे असते तर म्हणाले असते, "तुला घरात ठेवायचं की ठाण्यात?"

संध्याकाळी नातीचा फोन. दर रविवारी तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आजी, आई हसली का गं?"

"नाही अजून," मी म्हटलं. "पण मी बंदोबस्त केलाय."

"कसला बंदोबस्त?"

"मोठ्यांच्या गोष्टी," म्हटलं. पोरीला घाबरवायचं कशाला.

सोमवार, १० तारीख

पिठाची पहिली गेली पोटात. मी देवासारखी बसून पाहिली.

पण कॅप्सूल बदलली म्हणून धोका टळला असं नाही. चहात घालतील, भाजीत घालतील. म्हणून आजपासून सुनेच्या ताटातला पहिला घास मी घेते.

"आई, माझ्या ताटातलं का?"

"मीठ बघते."

"तुमच्या ताटात मीठ नाही का?"

"दोन्हीकडे सारखं आहे का ते बघते."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू डॉक्टर आता मलाच दाखवावा. पाहू दे.

आणखी एक. विष अंगात असताना माणसाला झोपू द्यायचं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. साप चावलेल्याला नाही का चालवत, बोलतं ठेवत. तिच्या अंगात तीन कॅप्सुली तर गेल्याच आहेत, एक, चार आणि सात. म्हणून जेवण झाल्यावर माझी खुर्ची मी तिच्या खोलीत नेली आणि बोलत सुटले. माझ्या लग्नात हार आखूड पडला होता इथपासून सुरुवात केली. तिचा डोळा लागला की मी विचारायची, "हो की नाही?" ती दचकून "हो" म्हणायची.

गुरुवार, १३ तारीख

रोज चारच्या सुमाराला टोपीवाला समोरच्या चहाच्या दुकानात येऊन बसतो, आमच्या खिडकीच्या अगदी समोर. म्हणून त्या वेळी सुनेला घेऊन बाहेर पडायचं ठरवलं. पहिल्या दिवशी ती उठेचना.

"माझे गुडघे आखडलेत, मला एकटीला जाववत नाही," मी म्हटलं. चक्क खोटं. या गुडघ्यांनी मी अजून तीन मजले चढते.

उठली बाई. केस न विंचरताच आली. तलावाला अर्धी फेरी मारली. बोलले ती मीच. बदकं होती.

बुधवार, १९ तारीख

सहा दिवस लिहायला सवड नाही. पाळत ठेवणं म्हणजे पूर्ण वेळेची नोकरी आहे, लोकांना वाटतं तशी नाही.

दुपारी बोलायचे विषय संपले. माझे! म्हणून मी माझ्या वर्गाचं पुस्तक नेलं आणि तिला म्हटलं, हे वाचून घे माझ्याकडून. ती आधी नुसती "हं हं" करत होती. मग मी "कर्ता" ला "करता" वाचलं, तेव्हा म्हणाली, "आई, रफार आहे तो." "तो कुठे राहतो?" मी विचारलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसली असं म्हणणार नाही मी, पण टिपून ठेवते.

शनिवार, २२ तारीख

हसली! हसली हसली हसली!

तलावाकाठी मी टोपीवाल्याच्या नावानं बोटं मोडत होते. म्हणजे नाव न घेता, "काही माणसं" असं म्हणत. आवेशात "थू" म्हटलं आणि कवळी उडून थेट बदकांत. एक बदक तिच्यावर चालून गेलं. सून पाण्यात गुडघाभर उतरली, बदकाशी भांडून कवळी घेऊन आली आणि तिथेच काठावर बसून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी, आवाज नाही, पोट धरून. मीही हसत होते, बिनदातांची, त्यामुळे ती आणखी हसली.

मग घरी येऊन कवळी उलटसुलट केली, भुवई उंचावली. "आई, ही कधीपासून सैल आहे?"

"सहा महिने."

"आणि बोलला नाहीत?"

"तू पडलेली होतीस ना बाई."

ती खाली वाकली. मग पलंगाखालून तिची हत्यारांची पेटी ओढून काढली. वर्षाची धूळ तिच्यावर. संध्याकाळभर घासत बसली, माझ्या तोंडात घालून पाही, काढी, पुन्हा घाशी. "आ करा. चावा. बोलू नका." मला "बोलू नका" म्हणणारी ती पहिलीच, पण ऐकलं मी.

पाहा म्हणजे, विष बंद झालं की माणूस कसं उजळतं! बारा दिवसांत!

आणि चिरंजीव दारात उभे राहून पाहत होते, डोळे भरून आलेले. काय नाटकी झालाय हा.

मंगळवार, १ तारीख

नवा महिना. कॅलेंडरचं पान उलटलं तर तिथेही "सू." च्या ओळी आधीच मांडलेल्या. किती थंड डोक्यानं.

कवळी घासायला एक खास दगड हवा होता म्हणून सून स्वतःहून कारखान्यात गेली. मी बरोबर, अर्थात. मालकीणबाईंनी तिला पाहून चष्माच काढला. "अर्धा दिवस येतेस का? काम अडलंय माझं." सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जा, पण डबा मी देणार. बाहेरचं काही घ्यायचं नाही, कुणी दिलं तरी."

रविवारी नातीला सांगायला आता माझ्याकडे इतकं आहे की फोन कानाला गरम होतो.

त्या मनगटी घड्याळवाल्या बाईचा उलगडा झाला. घड्याळच भिकार आहे. संशय एक कमी.

बुधवार, १६ तारीख

पण दुसरा वाढला. चिरंजीव फोनवर, टोपीवाल्याशी: "बाटलीत आता एकच उरलीय. काय फरक पडलाय म्हणून सांगू! या वेळी जरा वाढवूच या. दुप्पट करू."

दुप्पट! ती उठून बसली, कामाला लागली, तर हा दुप्पट घालणार. आता एकटीनं हे झेपायचं नाही.

गुरुवार, १७ तारीख

पुडी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. माणूस शहाणा आहे, कमी बोलतो. दुकान रिकामं होईस्तोवर थांबले आणि पुडी उघडली.

"हे काय आहे, सांग. शेजारणीचं आहे."

त्यानं वास घेतला, उजेडात धरलं, एक निळसर कण चिमट्यानं उचलला आणि झटकन पुडी मिटून माझ्याकडे सरकवली. "आजी, हे घेऊन तुम्ही रस्त्यानं चालत आलात?"

"मग काय रिक्षा करायची?"

"अहो, नुसतं जवळ बाळगलं तरी गुन्हा आहे हा. पोलिसांनी धरलं असतं."

खरं सांगते, मला जरा अभिमान वाटला. या वयात.

मग त्यानं समजावलं. या भूछत्रांनी म्हणे माणसाला नाही ते दिसतं. भरपूर खाल्ली तर. पण हल्ली काही लोक मोहरीएवढं घेतात, दिसणार काही नाही इतकं, मन हलकं व्हावं म्हणून. बहुतेक देशांत बंदी आहे. काही ठिकाणी डॉक्टर लोक रीतसर परवानगीनं तपासून बघताहेत. "उपयोग होतो का?" मी विचारलं. तो म्हणाला, काही म्हणतात होतो. पण जिथे निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना रिकामी कॅप्सूल न सांगता दिली, तिथे बऱ्याचदा रिकामीवालेही तितकेच खूश निघाले. शिवाय एका काडीत किती जोर आणि दुसरीत किती, हे तराजूला कळत नाही. आणि रानातली चुकून भलतीच जात निघाली तर खेळ खलास.

"म्हणजे विष नव्हे?"

"विष म्हणून कुणी देत नाही हे, आजी. शेजारीण आणखी काही गोळ्या घेते का?"

मी सुनेच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट नेलंच होतं. त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. ही गोळी म्हणजे एका जातीचं मीठच असतं म्हणाला, खायचं नव्हे, मन जागेवर ठेवायचं. "या गोळीबरोबर ती भुकटी घेतली तर फिट येऊ शकते. आलेल्या आहेत लोकांना. किती थोडी चालते, किती नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. शेजारणीला म्हणावं ताबडतोब थांबव, आणि गोळी मात्र मनानं सोडू नकोस, तिच्या डॉक्टरांना सगळं सांग. डॉक्टर पोलिसांत जात नाहीत."

घरी येऊन पुडी मोरीत ओतली, वर तीन बादल्या पाणी.

शुक्रवार, १८ तारीख

आज सगळं बोलून टाकलं.

जेवताना तिघंच होतो. सकाळीच बाटलीतली शेवटची पिठाची गेली होती. मी ताट बाजूला सारलं आणि सुनेला म्हटलं, "तुझा नवरा तुला गेले दीड महिने चोरून भूछत्रं घालतोय. बाटलीवर तुझं नाव लिहून ठेवलंय त्यानं."

चिरंजीवांच्या घशात घास अडकला. सुनेनं त्याची पाठ थोपटली, आधी! मग मला म्हणाली, "आई, चोरून नाही. मीच मागितलं ते. मी वाचलं होतं कुठेतरी. मला बरं व्हायचं होतं. यांचा हात बारीक कामाचा, म्हणून वजन यांना करायला लावलं."

"मग बाटलीवर सून का लिहिलंय?"

"कुठे?"

"सू! सू म्हणजे सून!"

चिरंजीव पाणी पिऊन म्हणाले, "आई, सू म्हणजे सूक्ष्म."

"म्हणजे काय?"

"अगदी थोडं. सूक्ष्म डोस."

"मग 'थो.' लिहायचं होतंस, मेल्या! मी क्ष ला म चिकटवलेला अजून शिकले नाही!"

हसायला हवं होतं ना आम्ही तिथे? चिरंजीव हसायच्या बेतात होतेच. म्हणाले, "आणि आई, तू बघतेस ना काय गुण आला ते? सोमवारपासून दुप्पट—"

आता मी काय करावं? गप्प बसले तर सोमवारी खरी भुकटी, तीही दुप्पट, आणि त्या मिठाच्या गोळीवर. बोलले तर जिच्या जोरावर ही पोरगी उठली असं तिला वाटतं, ती काठीच काढून घ्यायची. पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली तर? नातीला काय सांगू? एवढा वेळ मी आयुष्यात कधी गप्प बसले नव्हते. मग औषधवाल्याचं सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, "गुण भुकटीचा नाही. मी ती नऊ तारखेलाच काढून टाकली. आत कणीक आहे. भाजून."

भिंतीवरची घड्याळं तेवढी बोलत होती, वीस-बावीस, आपापल्या सोयीनं.

सून म्हणाली, "गेल्या महिन्याच्या नऊला?"

"हो."

"मी कवळी बसवली तेव्हा?"

"पीठ."

"कामावर गेले तेव्हा?"

"पीठ."

"आज सकाळी?"

"पीठच गं."

ती उठली, हात धुतले, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

शनिवार, १९ तारीख

दार बंद. कामावर गेली नाही. आपल्या गोळ्या मात्र तिनं दाराच्या फटीतून मागून घेतल्या.

चिरंजीव टोपीवाल्याला सांगून आले, पुन्हा काही आणायचं नाही. उरलेल्या काड्या माझ्यासमोर जाळल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मला काय माहीत होतं, आई? तो म्हणाला, काही होत नाही." घड्याळाचा एक दात वाकडा असला तर याला दिसतो. बायकोच्या गोळीचं पाकीट वाचायचं मात्र सुचलं नाही. बोलणार होते. त्याचं तोंड पाहून गिळलं.

मी दिवसभर तिच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. बोलायला काही सुचलं नाही.

रविवार, २० तारीख

नातीचा फोन वाजला आणि मला उचलवेना. दार उघडलं, सून आली, फोन घेतला. "बरी आहे मी. नाही गं, आजीच जरा गप्प आहे." मग पुन्हा आत.

सोमवार, २१ तारीख

सकाळी बाहेर आली. केस विंचरलेले, डबा हातात. माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता भांडण. मी कवळी घट्ट केली.

"तुम्ही माझ्यावर पाळत ठेवत होतात?"

"हो."

"माझ्या ताटातलं खात होतात ते?"

"पाळत."

"ते हार आखूड पडल्याचं सांगत होतात, रोज?"

"झोपू द्यायचं नव्हतं तुला."

"आणि तलाव?"

"तोही त्यातच आला."

"तुमचे गुडघे?"

"चांगले आहेत."

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. ओठ दाबलेले. राग होता की काय होतं, मला अजून ते वाचता येत नाही. मग कामावर गेली.

गुरुवार, २४ तारीख

तिच्या डॉक्टरांकडे गेलो. मी बाहेर बसणार होते, पण ती म्हणाली, "आत या. तुमच्याशिवाय हे कुणाला पटायचं नाही."

तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. आधी दोघींना मिळून चांगला डोस पाजला, तोंडी. त्या पहिल्या तीन वेळेला धडधडलं, हात कापले, तेवढ्यावर निभावलं हे नशीब समजा म्हणाल्या. इथे सांगितलेलं इथेच राहील, पण रक्त तपासायचं, गोळ्या चालू ठेवायच्या. मग मला विचारलं, "कणीक कशी भाजलीत?" मी सांगितलं, मंद आचेवर. त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

मी विचारलं, "मग बाई, गुण कशाचा?"

त्या म्हणाल्या, एकाच गोष्टीकडे बोट दाखवता येत नाही. गोळ्या वेळ घेतात, त्यांचाही असेल. आपण औषध घेतोय या विश्वासाचाही असतो, आणि तो काही खोटा गुण नसतो. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "या दीड महिन्यात घरात आणखी काय बदललं?"

सून म्हणाली, "सासूबाई."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला ते काही आवडलं नाही. मी कुठे बदलले? मी आहे तशीच आहे. चांगलं झालं तर कुणी नाव घेत नाही, आणि इथे दवाखान्याच्या कागदावर नाव चढलं.

रस्त्यात मी तिला धरलंच. "माझं नाव का सांगितलंस तिथे?"

"त्यांनी औषध विचारलं, मी सांगितलं," म्हणाली आणि माझा हात आपल्या कोपरात अडकवून चालायला लागली. गुडघे चांगले आहेत हे आता ठाऊक असूनही.

पिठाचं ठीक होतं, पण मला औषध म्हणते! ही पोरगी अजून पूर्ण बरी झालेली नाही. उद्यापासून पुन्हा लक्ष ठेवायला हवं.